परतीचा पाइप

रेडिएटर वरून कोमट होता आणि खाली बर्फ. प्लंबर एसेनबेकने हात मागे घेतला आणि पाना जमिनीवर आपटला.

"अता, पुन्हा हवा अडकली."

"मग सोड हवा," म्हातारा ओरोझाली म्हणाला. गावातली सगळी पोरं त्याला अता, म्हणजे बाबा, म्हणत.

"सकाळपासून दुसरं काय करतोय? मी सोडतो, ती परत येऊन बसते. पाहुणीसारखी."

कोपऱ्यातल्या खोलीत गरम पाणी छताजवळून येत होतं, त्याची काही तक्रार नव्हती. घोडं अडलं होतं परतीच्या पाइपाशी. गार झालेलं पाणी जमिनीलगत, उताराने, स्वयंपाकघरातल्या बॉयलरकडे जायला हवं. मध्ये खोलीचं दार. सरळ वाट उंबऱ्याखालून होती. पण म्हातारा उंबऱ्याला हात लावू देईना. म्हणून एसेनबेकने पाइप चौकटीभोवती वळवून दारावरून नेला होता. तिथे उंचावर हवा साठायची आणि पाणी थांबायचं.

"पाण्याला उतार लागतो, अता. तुम्ही त्याला डोंगर चढायला लावलंय. पाणी आहे ते, घोडा नाही."

"पंप बसव."

"आणि वीज गेली की? आपल्या अत-बाशीत हिवाळ्यात वीज किती टिकते, मला सांगताय? इकडे बॉयलर उकळेल, तिकडे खोली गोठेल."

 उद्या ओरोझालीची सून जीपार दवाखान्यातून बाळाला घेऊन येणार होती. मुलगा रशियात कामाला. जीपारने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "अता, खोली गरम नसेल तर मी बाळाला घेऊन माहेरी जाते." माहेर खिंडीपलीकडे. बर्फ पडलं की वाट बंद. मग वसंतापर्यंत या घरात म्हातारा एकटा. त्याची बायको बुरुल यंदा बटाटे काढायच्या दिवसांत वारली होती.

"एक भोक पाडू द्या," एसेनबेक म्हणाला. "उंबऱ्याखाली. बस."

"नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर उंबरा फोडायचा नसतो."

"का?"

"का म्हणजे? नसतो फोडायचा. माझी आई सांगायची."

"तुमच्या आईच्या घरात बॉयलर होता?"

"जीभ आवर."

बुरुलची थोरली बहीण कालिपा चहा घेऊन आली. तिने दारावरचा पाइप पाहिला आणि नाक मुरडलं.

"हे काय? दाराला लगाम घातलाय का?"

"तुमच्या मेहुण्यांना विचारा," एसेनबेक म्हणाला. "उंबरा फोडू देत नाहीत."

"बरोबर करतोय तो. जुनी रीत आहे."

"पण कारण काय, आपा? नुसत्या 'नाही'ला वेल्डिंग करता येत नाही मला."

कालिपाने आवाज खाली आणला. "उंबरा उघडला की गेलेल्या माणसाला वाट सापडते. ते घरात परत येतं."

एसेनबेकने कपाळावर हात मारला. मग तो हत्यारं पिशवीत भरू लागला. "झालं! मग राहू दे खोली गार. सांगा सुनेला, जा म्हणावं माहेरी. मला दुसरीकडे कामं आहेत."

ओरोझालीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो कालिपाकडे बघत होता.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"परत येतं म्हणून."

"आता कळलं ना? मग हट्ट सोडू नकोस. या आजकालच्या पोरांना काय..."

ओरोझाली उठला. भिंतीला टेकवलेली पहार त्याने उचलली आणि एसेनबेकच्या हातात दिली.

"भोक केवढं लागेल?"

एसेनबेक गोंधळला. "पाइपापुरतं. दोन इंच पुरे."

"दोन इंचांनी नाही भागायचं," ओरोझाली म्हणाला. "मोठं पाड. बुरुल अंगाने भरलेली होती."