हुकमाची तिर्री

"ती टोपी उचला. बाक काही तुमच्या बापाचा नाही," समोरची बाई म्हणाली.

एव्हासियोने टोपी मांडीवर घेतली. सकाळी जेनोआच्या धक्क्यावर उतरल्यापासून जो तो अंगावर येत होता. जकातवाल्याने त्याची पेटी उपसून शर्ट ओल्या फरशीवर टाकले. तीस वर्षांनी माणूस अर्जेंटिनाहून आपल्या मुलखात परततो, आणि त्याचं स्वागत हे असं. पण त्याला त्याचं काही नव्हतं. तोही कुणाचे मुके घ्यायला आला नव्हता.

गाडी डोंगरात शिरली. बाईने टोपलीतून पाव आणि सलामी काढली.

"खाणार?"

"नको."

"उतरणार कुठे?"

"रोकाव्हेर्नाला. दोन मित्र न्यायला येताहेत."

"मित्र म्हणताना चेहरा का असा कडू?"

"एकाला भेटायचंय. दुसऱ्याच्या चारचौघांत थोबाडीत द्यायचीय."

बाईचा घास तोंडातच राहिला. "केलं काय त्याने?"

"तोंड वाकडं केलं."

"ब्रिस्कोला?"

"ब्रिस्कोला."

तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. त्या पत्त्यांच्या खेळात जोडीदाराला खुणा करायची मुभाच असते, समोरच्या जोडीने पकडली नाही म्हणजे झालं. डोळे आढ्याला लावले की राजा. ओठाचा कोपरा ओढला की तिर्री, आणि तिर्रीच्या वर फक्त एक्का.

"गिरणीवाल्याने आगबोटीचं तिकीट लावलं होतं, मी माझं खेचर," एव्हासियो म्हणाला. "जिंकलो की दुसऱ्या दिवशी मी बोटीवर. सगळे डाव आमच्या बाजूने पडत होते. शेवटच्या हाताला माझ्या जोडीदाराने, सेकोंदोने, माझ्याकडे बघून ओठ ओढला. त्याच्याकडे हुकमाची तिर्री आहे म्हणून मी बिनधास्त साध्या रंगाचा एक्का टाकला, गिरणीवाल्याने त्यावर हुकूम मारला. आणि त्या हरामखोराने टाकली दुर्री. तिर्री नव्हतीच त्याच्याकडे."

"गिरणीवाल्याने फितवला असेल."

"नाहीतर काय. खेचर गेलं. मी बोटीच्या भट्टीत कोळसा ओढत गेलो."

"दोन द्या त्याला," बाई म्हणाली. "एक माझ्यातर्फे."

एव्हासियो खिडकीबाहेर बघत बसला. शेजारचं घर, एकच अंगण, एकाच चिंचोळ्या वाटेने दोघं द्राक्षांच्या टोपल्या वाहायचे. पण सेकोंदो पहिल्यापासून दगडच. त्याचा बाप गेला तेव्हा सगळा गाव रडला, हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. असल्या माणसावर विसंबलो, हीच चूक झाली, असं त्याला गेली तीस वर्षं वाटत होतं.

रोकाव्हेर्ना आलं. उघडा फलाट, ना छप्पर ना भिंत. देल्मो टोपी हलवत धावत आला आणि त्याने मिठीसाठी हात पसरले. एव्हासियोने त्याला बाजूला सारलं. मागे सेकोंदो उभा होता, टक्कल पडलेला, लग्नातला कोट घातलेला.

"काय रे, आज तरी तिर्री आहे का हातात?"

सेकोंदोने एव्हासियोकडे बघितलं आणि त्याच्या ओठाचा कोपरा ओढला गेला. तसाच, अगदी तस्साच.

"अजून तेच? माझ्या तोंडावर?" एव्हासियोचा हात वर गेला. खिडकीतून बाई मान काढून बघत होती.

सेकोंदो डावीकडे वळला, मग उजवीकडे. तोंड लपवायला कुठे जागा नव्हती. ओठ आणखी ओढला गेला, हनुवटी थरथरली, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

एव्हासियोचा हात हवेतच राहिला.

"त्या दिवशीही?" त्याने विचारलं.

सेकोंदोने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"आपण जिंकत होतो ना रे," तो म्हणाला.