ओंडक्याला सांगितलं होतं

"ओंडक्या, तुझ्या पोटात मधमाश्या आहेत," थोरला सुतार म्हणाला.

करवतीच्या दुसऱ्या टोकाला धाकटा होता. त्याने ओंडक्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं नाही. दोघा भावांचा अबोला चार वर्षांचा होता. पण दोन मुठींची करवत एकट्याने ओढता येत नाही, म्हणून कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत ते रोज समोरासमोर उभे राहत आणि जे काही एकमेकांना सुनावायचं ते लाकडाला सुनावत. सकाळपासून या ओंडक्याने ऐकून घेतलं होतं की काही लोकांच्या डोक्यात भुसा असतो, आणि काही लोक करवत ओढत नाहीत, नुसते तिला लटकतात.

"ओंडक्या," धाकटा म्हणाला, "कोणाला काम टाळायचं असलं की तुला गाभण ठरवतात."

थोरल्याच्या बाजूला सालीत बोटभर भोक होतं आणि त्यातून माश्यांची ये-जा चालली होती. धाकट्याच्या बाजूने ते दिसत नव्हतं. 'इकडे येऊन बघ' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते धाकट्यालाच म्हणावं लागलं असतं.

लाकडात कोण ना कोण राहतंच. कोळी चावला की हात साबणाने धुवायचा, मुंगळा चावला की मुंगळ्याच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. मधमाशीचं तसं नव्हतं. लहानपणी धाकट्याला एकच माशी चावली होती, तर दोन दिवस त्याचे डोळे उघडले नव्हते. थोरल्याला ते पक्कं आठवत होतं. म्हणून त्याने ओंडक्याला पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्याने.

धाकट्याने उत्तरादाखल चिरेत पाचर ठेवली आणि तिच्यावर घण घातला.

माश्यांनी मध्ये कोणाला घातलं नाही. त्या थेट धाकट्याकडे गेल्या.

थोरल्याने त्याच्या डोक्यावर गोणपाट टाकलं, कॉलरला धरून त्याला शेडमध्ये ओढलं आणि दार लावून घेतलं. नांगी चिमटीत धरून उपटायची नाही, खरवडून काढायची, हे दोघांनाही माहीत होतं. खरवडायला हाताशी होती ती इंचाची पटाशी, सकाळीच धार लावलेली. थोरल्याने धाकट्याची हनुवटी वर केली आणि पटाशी गळ्याला लावली.

हे दृश्य थोरल्याने चार वर्षांत बऱ्याचदा मनात रंगवलं होतं. तपशील इतके तंतोतंत जुळतील असं मात्र वाटलं नव्हतं.

गळ्यावरून सात नांग्या निघाल्या, कानामागून चार. तोवर धाकट्याचे ओठ दुप्पट झाले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वास शिट्टी मारायला लागला होता.

"दादा," धाकटा म्हणाला.

थोरला घाबरला तो इथे. चार वर्षांत ओंडक्यांमार्फत त्याला जी नावं पोचली होती, त्यांत हे नव्हतं. हा प्राणी धडधाकट असताना असं बोलणं शक्यच नव्हतं.

लाकडं बांधायच्या दोरीने त्याने धाकट्याला आपल्या पाठीशी बांधलं आणि स्कूटर काढली. दवाखाना दहा मिनिटांवर होता. धाकट्याचं डोकं त्याच्या खांद्यावर आपटत होतं.

"झोपू नकोस! ए! ऐकतोयस ना? त्या वकिलाच्या दाराचं माप तूच चुकवलंस!"

मागे नुसती शिट्टी.

"अर्धा इंच! सगळ्या पाहुण्यांसमोर दार चौकटीत बसेना. टेप कोणाच्या हातात होता?"

"पेन्सिल..." धाकटा म्हणाला, "पेन्सिल कोणाच्या... कानावर होती? मी बरोबर सांगितलं. तू चुकीचं... लिहिलंस."

"मी? मी चुकीचं लिहिलं? शहाण्या, तू जन्मायच्या आधीपासून लिहितोय मी."

"तेव्हापासून... चुकतोयस."

थोरल्याला जरा धीर आला. त्याने धाकट्याची अक्कल काढली, त्याचे रंधे काढले, त्याच्या लग्नातलं भाषण काढलं. प्रत्येकाला उत्तर आलं, पण आधीच्यापेक्षा लहान. चौकात लाल दिवा लागला तेव्हा थोरला म्हणाला, "आणि मेहुण्याचं कपाट? तीन पायांवर उभं आहे ते अजून!"

उत्तर आलं नाही. शिट्टीही आली नाही.

"बरं," थोरला म्हणाला. "माप मीच चुकीचं लिहिलं होतं. तू छत्तीस सांगितलंस, मी साडेछत्तीस लिहिलं. घरी जाऊन परत बघितलं होतं मी."

चार वर्षांची कबुली भर चौकात झाली. शेजारच्या रिक्षावाल्याने मान वळवून बघितलं. पाठीवरचं ओझं हललं नाही. थोरल्याने दिवा हिरवा व्हायची वाट पाहिली नाही.

दवाखान्यात दोन वॉर्डबॉयनी मिळून दोरी सोडली आणि धाकट्याला पडद्याआड नेलं. पडद्याबाहेर बाक होता. थोरला बाकाशेजारी उभा राहिला. त्याच्या मानेवर, कपाळावर सहा-सात ठिकाणी सूज आली होती. कंपाउंडरने दोनदा "बसा" म्हटलं. तो उभाच राहिला. आत कोणीतरी धावलं, काहीतरी स्टीलचं पडलं, कोणीतरी "अजून एक द्या" म्हणालं.

शेवटी सिस्टर बाहेर आली. तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"ओ, तुमच्या पेशंटला समजावा जरा. शुद्धीवर आल्यापासून शिव्या देतोय."

"कोणाला?"

"नाव घेत नाहीये." तिने थोरल्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पण वर्णन तुमचं वाटतंय."

थोरला तेव्हा कुठे खाली बसला. बाक हातभर अंतरावर होता, तरी फरशीवरच.