नर झाड

रिफच्या डोंगरात उन्हाळा लागला की गांजाची नर झाडं दिसताक्षणी उपटतात. एक जरी राहिलं तरी सगळ्यांच्या पिकात बी धरतं आणि माल वाया जातो. अल्लाल न्हावी मात्र नवं वाण काढायच्या नादात दरसाल एक नर राखायचा आणि शेजारच्या हद्दूच्या शिव्या खायचा.

“कमी पाण्यावर तगणारं वाण काढतोय रे. एक दिवस तूच मागायला येशील.”

“आधी गिऱ्हाइकाची दाढी तरी धड कर!”

अल्लाल हिवाळ्यात वारला. यंदा विहिरी आटल्या, हद्दूचं निम्मं पीक उभ्यानं करपलं. शुक्रवारी तो मित्राच्या कबरीवर गेला, तर उशाशी कमरेएवढं हिरवंगार झाड. नर! सवयीनं हात गेला आणि त्यानं ते मुळासकट उपटलं.

“मेलास तरी तुझी खोड जात नाही,” म्हणत त्यानं हसत डोळे पुसले.

मागे अल्लालची बायको फदमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

“त्यांचं शेवटचं बी होतं ते, भाऊजी,” ती म्हणाली. “मी दर शुक्रवारी कबरीवर हा एवढा तांब्या ओतायचे. तेवढ्यावरच वाढलं होतं.”