मेन स्विच

वाशीमच्या एमआयडीसीत ज्योत्स्ना चालवायची ती मशीन आठ दिवसांपासून करकरत होती. दुरुस्तीला आलेला भागवत मिस्त्री मान आत घालून वर पाहत होता. मशीनचं दोन क्विंटलचं हेड त्याच्या डोक्यावर एका उभ्या बॉल स्क्रूला, छर्ऱ्यांवर फिरणाऱ्या आट्यांच्या दांड्याला, लटकलेलं होतं.

"ग्रीस पोचलंच नाही, लोखंडाचा कीस गेला आतमंदी. छर्रे पार झिजले," तो आतून म्हणाला. "ताई, मेन स्विच बंद करा."

तेवढ्यात एक छर्रा त्याच्या खांद्यावरून घरंगळत खाली पडला. ज्योत्स्नाचा हात स्विचवर होता, पण तो हलेचना.

"बंद करा म्हणतो ना."

"दादा, तुमी पहिले बाहेर या."

"काहून?"

ती नुसतं "बाहेर या" एवढंच म्हणत राहिली. शेवटी भागवत चिडून स्वतःच स्विच बंद करायला बाहेर निघाला. त्याचा हात पोचायच्या आत सगळ्या एमआयडीसीची लाइन गेली. इतका वेळ मोटारीनं हेड धरून ठेवलं होतं. लाइन गेल्यावर हेड अडवणारा ब्रेक केव्हाच निकामी झाला होता. हेड सरसरत खाली आलं आणि मघाशी त्याची मान होती तिथे आदळलं.

"तुमाले ठाऊक होतं?" भागवतनं विचारलं.

"नाही. मले नुसतं भेव वाटून राह्यलं होतं."

"मलेबी," तो खाली बसत म्हणाला. "म्हणून तं बंद करा म्हणत होतो."