मोजून दहा

शिलाईमशीनवर वाकून वाकून ताईंची मान आखडली होती, त्यात अंथरुणाला खिळलेल्या आईला रोज उचलणं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या होत्या, “मान डोलावण्याचा व्यायाम तुमचा जन्मभर झालाय. आता ‘नाही’ म्हणतो ना आपण, तशी हलवा. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, मोजून दहा वेळा.” संध्याकाळी आईला भरवून, गळून गेलेल्या ताई मशीनपुढेच व्यायामाला बसल्या, तोच धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन कापडाच्या गठ्ठ्याला टेकवला आणि मोजणं चालूच ठेवलं. भाऊ थेट मुद्द्यावर आला. “आईला अजून सहा महिने तुझ्याकडेच राहू दे, ताई. आमची जरा अडचण आहे.” बहिणीची मान हलताना पाहून त्याचा चेहरा पडला. “नाही म्हणतेस?” ‘अरे, व्यायाम चाललाय’ हे शब्द ताईंच्या ओठांवर आले. दहा मोजून झाले होते. ताईंनी मान अकराव्यांदा हलवली.