तिसरी स्क्रीन

"या अँटेनाला समोरचा तंबू दिसला पाहिजे," धाकटा म्हणाला. "म्हणजे खिडकी उघडी ठेवायची आणि मध्ये कुणी उभं राहायचं नाही."

"मी बसले तर?" आईनं विचारलं.

"बसलीस तर चालेल."

आईनं खुर्ची खिडकीशी ओढून घेतली.

परवा बोगदा खणताना छत खचलं होतं आणि तीन कामगार ढिगाऱ्यापलीकडे अडकले होते. त्यातला एक दादा. बाकी दोघांच्या घरची माणसं अजून वाटेत होती. कामगारांच्या कँटीनमध्ये आत्ता आई आणि वहिनी दोघीच होत्या.

पहाटे ढिगाऱ्यातून मनगटाएवढा पाइप आरपार गेला आणि त्यातून कॅमेरा आत सरकवला गेला. ते चित्र तीन ठिकाणी दाखवायचं होतं. बोगद्याच्या तोंडाशी इंजिनिअरसाहेबांचा तंबू, पलीकडे कंपनीचं ऑफिस आणि हे कँटीन. मधल्या रस्त्यावर यंत्रांची सारखी ये-जा होती, वायर टाकली तर तासभर टिकली नसती. धाकट्याचा धंदाच तो. लग्नाच्या हॉलात, सामन्यांच्या मैदानावर तो बिनतारी स्क्रीन लावून द्यायचा. आपलं सगळं सामान टेम्पोत घालून तो रात्रीच निघाला होता.

तंबूत त्यानं मांडलेली पेटी पहाटेपासून कॅमेऱ्याचं चित्र घेत होती, साठवत होती आणि पुढे पाठवत होती. तंबूतली आणि ऑफिसातली स्क्रीन लगेच लागली. कँटीनची लागेना. वर पत्रा, भिंतीलाही पत्रा. धाकट्यानं अँटेना तीनदा हलवली, चॅनल बदलला, पुन्हा सगळीकडे तोच चॅनल लावून आला. साडेअकराला स्क्रीन उजळली.

तिघं एका खडकाला टेकून होते. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. दादा मधला.

वहिनीनं स्क्रीनला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"उभा कसा राहिलाय बघ," आई म्हणाली. "बसची वाट बघत असल्यासारखा."

"भाऊजी, हे आत्ताचं आहे ना?"

"आत्ताचंच. दोन सेकंद मागे असतं फक्त. चित्र पेटीत येतं, पेटी त्याचं गाठोडं बांधते, मग पाठवते. इथली पेटी ते गाठोडं सोडते. त्याला वेळ लागतो."

"म्हणजे दोन सेकंदांचं शिळं," आई म्हणाली. "असू दे. दिसतोय ना."

ढिगारा फोडणारं यंत्र चारपर्यंत पलीकडे पोचणार होतं. तोवर पाणी चढायला नको होतं. दोन पंप लावले होते. एकच चालत होता.

साडेबाराला पाणी छातीशी आलं. दादानं सर्वांत बुटक्याला खडकावर चढवलं आणि खालून धरून ठेवलं. त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं. मग स्क्रीन काळी झाली.

"काय झालं?" वहिनी उठली.

"वायर सुटली असेल कुठेतरी. बघून येतो." धाकटा पळतच गेला.

वहिनी खिडकीकडे निघाली.

"बस गं तू तिथंच," आई म्हणाली. "मध्ये आलीस तर येणारं चित्र पण अडायचं."

वहिनी बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"आई, काय चाललंय बाहेर?"

"माणसं आहेत. दिसतोय आपला धाकटा."

"काय करतोय?"

"वाकलाय. वायरच बघत असेल."

वीस मिनिटांनी स्क्रीन उजळली. पाणी गुडघ्यांच्या खाली होतं. दादा खडकावर पाय पसरून बसला होता. शेजारचा काहीतरी बोलला आणि दादा हसला.

"आई, पाणी उतरलं," वहिनी म्हणाली आणि तिला रडूच आलं. "आई, बघा ना. हसतायत ते."

आईनं खुर्ची वळवली आणि बघितलं.

"हो की," ती म्हणाली. "घरी कधी एवढा हसला नाही. मेल्याला ढिगाऱ्यात हसू सुचतंय."

धाकटा आत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. शर्टाचा गळा ओला होता.

"दुसरा पंप लागला का भाऊजी?"

"हं."

"तुम्ही बघा तरी तिकडे. कसे बसलेत."

"मी बघितलंय."

तो रिसीव्हरच्या पेटीपाशी खाली बसला. स्क्रीनकडे त्यानं पाठ केली होती. एकदा घड्याळ बघितलं, मग बटणांवरची धूळ पुसत राहिला.

आईनं कोपऱ्यातला डबा ओढला आणि ताट वाढलं. परवापासून वहिनीच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. काल दोनदा आईनं ताट पुढे केलं होतं आणि दोनदा ते तसंच परत गेलं होतं.

"आता तरी खा."

"ते आल्यावर खाते."

"तो आल्यावर तू चक्कर येऊन पडलीस तर आम्ही कुणाला उचलायचं? त्याला की तुला? खा."

वहिनीला हसू आलं. परवापासून पहिल्यांदाच. तिनं ताट मांडीवर घेतलं आणि डोळे स्क्रीनवर ठेवून भराभर खायला लागली. चार घासांत तिला ठसका लागला.

"सावकाश," आई म्हणाली. "पाणी घेऊन ये जा. ताट ठेव, मी बघते."

वहिनी तांब्या घेऊन मागच्या नळावर गेली. आई तशीच स्क्रीनकडे बघत राहिली.

"पाइपातून पाणी उसळलं तेव्हा मी खिडकीतच होते," ती हळूच म्हणाली. "साहेबांनी हेल्मेट काढलं. मग सगळ्यांनी काढलं. तू मटकन खाली बसलास तेही बघितलं. हे सकाळचं साठवलेलं अजून किती आहे?"

"पाऊण तास," धाकटा म्हणाला.

"पुरे," आई म्हणाली. "तेवढ्यात तिचं पोटभर जेवून होईल."