वळवलेली मान

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आईनं धनंजयला बजावलं होतं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्या गोष्टीला सात वर्षं झाली. आई लखनौला त्याच्या धाकट्या बहिणीकडे, वीणाकडे राहते असं कळलं, तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो पुण्याहून थेट लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या वीणाच्या घरी येऊन थडकला. त्याला आईसमोर बसवून वीणा दशहरी आंबे कापायला आत गेली.

"आई, मी आलोय."

आईनं झटकन मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

"अजून राग गेला नाही?"

तिनं मान आणखीच वळवली. धनंजयनं बॅग उचलली.

वीणानं त्याला फाटकाशी गाठलं. "दादा, रुक ना. वयानं तिची मधली नजर गेलीय. समोरचं माणूस दिसतच नाही तिला, मान वळवून कडेनं बघावं लागतं. तुलाच बघत होती ती."

तो धावत परत आला. आई आता दाराकडे तोंड करून, अगदी त्याच्या डोळ्यांत बघत बसली होती.

"वीणा," ती म्हणाली, "गेला का गं तो?"